बायोचारवालं पॉटिंग मिक्स घेतलं आणि हॉलमध्ये कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या

आधी स्टार सांगून टाकते म्हणजे घाईवाल्यांना पुढं वाचायची गरज नाही. पाचपैकी तीन. आणि जे दोन कापलेत ते मशरूम उगवले म्हणून नाही कापले, त्याचं कारण वेगळंय, खाली येईलच.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर जे कळलं त्यावरून असल्या पिशव्या बऱ्याच जणांच्या सारख्याच असणार असं वाटतं. ऑनलाइन मागवली होती. कुंडीत भरायच्या तयार मातीची ५ किलोची पिशवी, ४५० रुपये, वर हिरव्या ठळक अक्षरात 'बायोचार एनरिच्ड', 'पाण्याची बचत', आणि मागे मुंगीच्या अक्षरात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट, ऑरगॅनिक मॅटर. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा, सगळा खेळ त्याच शब्दात होता.

घेतली का, तर 'पाण्याची बचत' वाचून. आम्ही लातूरचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्याकडं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर, पूर्ण देशानं टीव्हीवर बघितलं. त्या उन्हाळ्यात ज्यानं घागरी मोजल्यात त्याला 'पाणी धरून ठेवतं' असं लिहिलेलं काहीही विकता येतं, खरं सांगते. आता तेवढं वाईट नाही पण मार्च उजाडला की मांजरा धरणात किती पाणी राहिलं हे आमच्या घरात क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारलं जातं, आणि आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालायची सवय काही सुटत नव्हती.

पिशवी आली त्या दिवशी सासूबाईंनी मूठभर हातात घेतलं, चोळलं, बोटं काळी झाली ती बघितली आणि म्हणाल्या, "हा तर चुलीतला कोळसाय. साडेचारशाचा कोळसा घेतलीस व्हय गं?" मी म्हणलं आई, कोळसा नाही, बायोचार. तर म्हणाल्या, "राखुंडी म्हण की मग." आता यावर काय बोलणार, कारण त्या फारशा चुकीच्या नव्हत्याच. लाकूडकाडी, तुराट्या, पऱ्हाट्या, नारळाच्या करवंट्या असलं काहीही, हवा जवळपास न देता ३५० ते ७०० डिग्रीला भाजलं की राख होत नाही, कोळसा होतो, आणि तो मातीत घालायच्या हेतूनं केला की त्याला बायोचार म्हणतात. आतून स्पंजासारखा भोकाभोकांचा असतो, त्यात पाणी बसतं, खत बसतं, जिवाणू बसतात. आणि तो लवकर कुजत नाही, शेकडो वर्षं मातीत तसाच राहू शकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात (जंगलवाल्या, शॉपिंगवाल्या नाही) तिथल्या जुन्या लोकांनी कोळसा, खरकटं, हाडं, मडक्यांच्या खापऱ्या घालून केलेली काळी माती आजही सापडते आणि आजही पिकते. म्हणजे आयडिया खोटी नाही. आयडियाला पाच स्टार. पिशवी वेगळी, आयडिया वेगळी.

तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात हॉलमधल्या चार कुंड्या भरल्या. खिडकीजवळ अरेका पाम, टीव्हीच्या बाजूला पीस लिली, कोपऱ्यात स्नेक प्लांट आणि फ्रिजवर मनीप्लांट. चारही कुंड्यात तेच मिक्स, त्याच दिवशी. हे मुद्दाम सांगतेय, पुढं कामाला येतं.

पहिला महिना छान गेला. मनीप्लांटला दोन नवी पानं आली, कुंडी हातात हलकी लागते, पाणी घातलं की खालून लगेच धबधबा येत नाही, पहिल्या मातीत येत होता (आपली काळी माती कुंडीत एकतर दगड होते नाहीतर चिखल, मधलं काही नाही). मी खूश. बहिणीलाही लिंक पाठवली.

एप्रिल संपता संपता कूलर काढला. बाहेर ४२ डिग्री, घरात कूलरची ओली हवा, आणि अरेका पाम बरोबर कूलरच्या तोंडाला. एक दिवस सकाळी सहाला सासूबाईंचा आवाज, "आगं माय! हे बग काय उगवलंय. कुत्र्याच्या छत्र्या आल्यात की घरात!" मला वाटलं स्वप्नात बोलतायत. जाऊन बघते तर खरंच, पामच्या बुडाशी सात का आठ, लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्याधमक, रात्री झोपताना तिथं काही म्हणजे काही नव्हतं.

दिसायला इतक्या सुंदर होत्या की सांगते. काही अजून मिटलेल्या, आगकाडीच्या टोकासारख्या, काही अंड्याच्या आकाराच्या, आणि दोन पूर्ण उघडलेल्या, कडेला बारीक चुण्या, चुणीदार फ्रॉकच्या घेरासारख्या. वरती पिवळी पूड भुरभुरल्यासारखी, हात लावला की बोटाला लागते. देठ बारीक, बुडाशी थोडा फुगीर. दुपारी शाळेतनं येऊन पोरीनं बघितलं तोवर उघडलेल्या दोन माना टाकून पडल्या होत्या आणि मिटलेल्या उघडत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांचा पिवळा चिखल. एवढंच आयुष्य.

आता घरात साडेपाच वर्षाची पोरगी, तिला पिवळं काहीही दिसलं की तोंडात घालून बघायचं असतं, त्यामुळं सुंदर वगैरे बाजूला राहिलं आणि माझी तंतरली. शेजारच्या काकू बघायला आल्या त्या वेगळंच, "भाजी होती का गं ह्याची? मॉलमध्ये दोनशे रुपये पाव मिळतंय." काकू, नाही होत. हे इथं ठळक सांगते, कुंडीत आपोआप उगवलेलं कुठलंही मशरूम खायचं नाही. सोयाबीनच्या भुसावर लोक धिंगरी अळिंबी पिकवतात ती वेगळी, ती बियाणं आणून केलेली असते. हे पिवळं पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर दिसताक्षणी उपटायचं, कागदात गुंडाळायचं, कचऱ्यात टाकायचं आणि हात धुवायचे. हात लागल्यानं काही होत नाही, खाल्ल्यानं होतं.

मग विकणाऱ्याला व्हॉट्सॲप केला, फोटोसकट. अर्ध्या तासात उत्तर, "अभिनंदन मॅडम, मशरूम येणं म्हणजे तुमची माती एकदम हेल्दी आहे." बरं. मी म्हणलं घरात लहान मूल आहे, काय करू? दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. परत विचारलं तर, "आपण पाणी जास्त घालत असणार." म्हणजे सोमवारी अभिनंदन आणि बुधवारी माझीच चूक. आणि शेवटी, मी रिफंड मागितलाच नव्हता तरी, "उघडलेली पिशवी परत घेतली जात नाही." कापलेल्या दोन स्टारपैकी एक इथं गेला.

खरी माहिती मिळाली मावसभावाकडनं. तो इथल्याच कृषी महाविद्यालयाचा, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाखाली येतं ते. त्याला फोटो पाठवला तर आधी पाच मिनिटं हसला. मग म्हणाला, "ताई, बुरशी कोळसा खात नाही. ती लाकडाचा भुसा खाती आन् कोळशात राहती. तू पिशवी चाळून बघ आधी." मला काही कळलं नाही पण उरलेलं मिक्स होतं, गव्हाची चाळणी घेतली (सासूबाई बाजारात गेल्यावर, नंतर कळलंच त्यांना, तो वेगळा विषय) आणि गच्चीवर पेपर अंथरून चाळायला बसले.

चाळणीवर जे राहिलं ते बघून डोकं फिरलं. लाकडाच्या ढलप्या, बोटाच्या पेराएवढ्या. नारळाच्या शेंड्या तशाच्या तशा. एक अख्खी काडी सालीसकट. सगळं अर्धकच्चं, हे झालं तुमचं ऑरगॅनिक मॅटर. आणि बायोचार? तो वेचून काढला, ओळखायला सोपाय, कागदावर ओढला की काळी रेघ उठते आणि दोन बोटात दाबला की कुरकुरीत तुटतो, कुजलेलं खत मऊ दबतं. एका वाटीभर मिक्समधनं चहाचे जेमतेम दोन चमचे निघाला. आता भाऊ म्हणतो एवढा पुरे असतो, कुंडीत दहा टक्क्यांच्या आसपास बायोचार बास, त्यानं काही फसवणूक होत नाही. असेल. पण बायोचारचं नाव वर एवढ्या मोठ्या अक्षरात आणि पिशवीत जास्त लाकडाचा भुगा, हे काय बरोबर नाही. दुसरा स्टार इथं गेला.

तर गणित असंय. मशरूम म्हणजे नुसतं वर आलेलं फळ, खरी बुरशी आत मातीत पांढऱ्या दोऱ्यांसारखी पसरलेली असते. तिला खायला लागतं अर्धकच्चं लाकूड, ते पिशवीत भरपूर. राहायला लागते ओल आणि जागा, ती बायोचारनं दिली. ऊब आणि दमट हवा आमच्या कूलरनं दिली. आणि पाणी मी देत होते, दर दुसऱ्या दिवशी, कारण वरचा थर बघायची वरवरचा, भुरका कोरडा दिसायचा, आणि आत अंगठाभर खाली सगळं ओलंगच्च. पाणी धरून ठेवणारी वस्तू पैसे देऊन आणली आणि पाणी पूर्वीइतकंच घालत राहिले! याला शहाणपणा म्हणतात. पण पिशवीवर 'पाण्याची बचत' लिहिणाऱ्यानं खाली एक ओळ छापायला काय जात होतं, की बाई, आता अर्धंच घाल.

आणि पाण्याचाच खेळ आहे याचा पुरावा माझ्या घरातच उभा होता. स्नेक प्लांटमध्ये एकसुद्धा मशरूम आलं नाही, आजपर्यंत नाही. तेच मिक्स, तोच दिवस, तोच हॉल. पण त्याला मी पंधरा दिवसातनं एकदा पाणी घालते. अरेकात तीनदा आली, पीस लिलीत एकदा. मनीप्लांट फ्रिजवर, तिथं माझा हात पोचत नाही म्हणून तो वाचला.

ह्या पिवळ्या मशरूमचं नाव ल्यूकोकोप्रायनस बर्नबॉमी. नाव पाठ करू नका, पण त्याची गोष्ट मला आवडली म्हणून सांगते. हे मूळ गरम प्रदेशातलं, थंड देशात कुंड्यांबरोबर आणि काचेच्या घरांमधनं पोचलं. प्रागमध्ये बर्नबॉम नावाच्या बागेच्या इन्स्पेक्टरला ते काचघरात अननसाच्या झाडांखाली सापडलं, म्हणून कोर्दा नावाच्या शास्त्रज्ञानं १८३९ साली मशरूमला त्या इन्स्पेक्टरचं नाव दिलं. म्हणजे कुंडीत हे बघून दचकणारी मी पहिली नाही, जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा तो माणूसही असाच बघत उभा राहिला असणार, फक्त त्याच्या मागं सासूबाई नव्हत्या. पोरीच्या क्राफ्टच्या काळ्या कागदावर एक छत्री रात्रभर उपडी ठेवली, वर वाटी झाकली, सकाळी कागदावर पांढऱ्या पुडीची चक्राकार नक्षी, तिचे बीजाणू पांढरे असतात. पोरीनं ती शाळेत नेली. बाईंनी फुलपाखरांच्या फळ्यावर लावलीये म्हणे.

झाडाला त्यानं काही होत नाही हेही सांगते, कारण मला ते कळेपर्यंत मी पाम फेकायला निघाले होते. ही बुरशी मेलेलं खाते, जिवंत मुळं खात नाही. उलट ढलप्या कुजवून देते. मातीत मोहरीएवढे पिवळे गोळे दिसले तर ती किड्यांची अंडी नाहीत आणि खताचे दाणेही नाहीत, तीच बुरशी गोळा होऊन बसलेली असते. मी ते दाणेदार खत समजून कंपनीला मनात शाबासकी दिली होती.

काय काय करून बघितलं, तर दालचिनीची पूड टाकली (यूट्यूबवर सगळ्यांचं तेच), हॉलमध्ये चार दिवस बिर्याणीचा वास आला आणि मशरूम दालचिनीतनं डोकं काढून वर आलं. फवारणीचं औषध भावानं आणू दिलं नाही, म्हणाला ती बुरशी पूर्ण कुंडीभर आहे, वरून शिंपडून काही मरणार नाही, घरात विष कशाला आणतेस. ते बरोबर वाटलं. वरची दोन इंच माती काढून बदलली, त्यानं तीन आठवडे शांतता, मग परत. खरा फरक पडला तो पाण्यानंच. आता उदबत्तीची जळून गेलेली काडी कुंडीत खुपसते, बाहेर काढल्यावर माती चिकटली असेल तर पाणी नाही म्हणजे नाही, वरून कितीही कोरडं दिसो. अरेकाला आठवड्यातनं एकदा. कुंडी कूलरच्या तोंडासमोरनं हलवली. आणि छत्री उघडायच्या आत, आगकाडीच्या अवस्थेतच उपटायची, म्हणजे बीजाणू पसरत नाहीत. त्याच पाण्याच्या शिस्तीनं कुंडीभोवतीची चिलटंही गेली, हा बोनस, ती चिलटं चहाच्या कपात पडायची आमच्याकडं.

एक तक्रार अजून, जी मशरूमच्या गडबडीत राहून जाईल. मे महिन्यात पीस लिली फिक्कट पडली, नवी पानं पिवळट. भाऊ म्हणाला कच्चं लाकूड कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि बायोचार आधी खतात भिजवलेला नसेल तर तोही सुरुवातीला ओढतो, झाडाला राहतं काय. एक मूठ गांडूळखत दिलं, तीन आठवड्यांनी रंग आला. शिवाय बायोचार बहुतेक अल्कलीच असतो आणि आमचं बोअरचं पाणी आधीच क्षाराचं, कुंड्यांच्या कडांना पांढरे थर बसतात त्याचे, त्यामुळं आता झाडांना आरओचं उरलेलं पाणीही नको (ते तर जास्तच खारट, इतकी वर्षं मी तेच घालत होते, असो), जमेल तेव्हा पावसाचं धरते.

मग परत घेणार का? मी नाही घेणार, पण कारण माझ्याकडं औश्याकडं गाव आहे. तिथं तूर निघाली की तुराट्यांचा ढीग धुऱ्यावर पेटवून देतात, दरवर्षी. यंदा जूनमध्ये पाऊस पडायच्या आधी भाऊ आणि मामांनी पत्र्याच्या जुन्या ड्रममध्ये तुराट्या भरून वरच्या बाजूनं पेटवल्या, थर थर टाकत गेले, ज्वाळ बसली आणि वर पांढरी राख धरायला लागली की बादल्यांनी पाणी ओतून विझवलं. जो आवाज आला, मामी घरातनं पळत बाहेर आल्या, "काय फोडलाव रं?" कोळसा ओला असतानाच ठेचायचा, कोरडा ठेचला तर भुकटी नाकात जाते, आणि मग तसाच मातीत नाही घालायचा, पंधरा दिवस जीवामृतात भिजवायचा. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती, शेती करणाऱ्यांना सांगायला नको. वासाची तयारी ठेवा. एक भाग हा कोळसा आणि नऊ भाग माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत, असं करून मी तुळशीची आणि नव्या मनीप्लांटची कुंडी भरलीये. त्यात अजून छत्री आली नाही, पण दीडच महिना झालाय, छाती ठोकून सांगणार नाही.

ज्यांना गाव नाही, ड्रम नाही, तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांनी हे मिक्स घ्यायला माझी ना नाही. कुंडी हलकी राहते, दहा दिवस गावाला गेलो तरी झाडं तगली, हे खरंय आणि लातुरात याला किंमत आहे. फक्त घेतल्यावर आधी चाळा, ढलप्या बाजूला काढा, एक-दोन मुठी गांडूळखत मिसळा आणि पाणी निम्म्यावर आणा. पोरं लहान असतील तर पहिले तीन-चार महिने कुंडी हाताला लागणार नाही अशी ठेवा.

ता.क. काल रक्षाबंधनाला बहीण आली होती, तिच्या अरेकात पण आल्यात. लिंक मीच पाठवलेली. ओवाळायच्या आधी तासभर तोच विषय, आणि जाताना माझी गव्हाची चाळणी घेऊन गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नवी आणायला पैसे तेवढे मागितले.